तीनशे चौऱ्याऐंशीचे कोडे

ऑगस्ट २०२० च्या मध्यावर पुण्यात एक आकडा घरोघरी पोहोचला : ५१.५ टक्के. शहरातील निम्म्याहून अधिक लोकांना करोना होऊन गेला, असा त्याचा अर्थ लावला गेला. गणपती तोंडावर आले होते, लोक घरात बसून कंटाळले होते आणि या आकड्याने अनेकांना हायसे वाटले. अर्धे शहर पार झाले, उरलेले अर्धे हळूहळू होईल, असा हिशेब सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मांडला जाऊ लागला. सप्टेंबर उजाडला तेव्हा पुणे देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत आघाडीवर होते आणि रुग्णांचे नातेवाईक खाटेसाठी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होते.

ते सर्वेक्षण चुकीचे होते का? मुळीच नाही. पुणे महापालिकेच्या सहकार्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ते काळजीपूर्वक केले होते. १,६६४ जणांचे रक्त तपासले गेले. पण हे सगळे नमुने शहरातील ४१ प्रभागांपैकी फक्त पाच प्रभागांतले होते आणि हे पाच प्रभाग मुद्दाम जास्त रुग्ण सापडलेले म्हणून निवडले होते. येरवडा, कसबा-सोमवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी अशी दाट वस्ती त्यांत होती. त्या पाचांतही प्रमाण सारखे नव्हते. कुठे ३६ टक्के, तर कुठे ६५. शास्त्रज्ञांनी यातले काही लपवले नव्हते. आकडा अहवालातून मथळ्यात आला तेव्हा मात्र ‘पाच प्रभाग’ मागे राहिले आणि ‘पुणे’ पुढे आले.

त्याआधी सुमारे तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत हेच घडले होते. दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन विभागांतल्या ६,९३६ नमुन्यांत झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. मुंबईचे प्रशासकीय विभाग २४. उरलेल्या २१ विभागांबद्दल त्या आकड्यांना काही म्हणायचे नव्हते, लोकांनी त्यांच्या तोंडी ते घातले.

दोन्ही वेळा चर्चेत एक शंका हमखास निघे : ‘लाखोंच्या शहरात दीड-दोन हजार लोक तपासून काय कळणार?’ गंमत अशी की नेमकी हीच शंका निराधार होती. नमुन्याची संख्या पुरेशी होती. अडचण दुसरीकडे होती आणि तिकडे फारसे कोणी बोट दाखवले नाही.

किती लोक तपासले म्हणजे पुरे, या प्रश्नाचे उत्तर मराठी स्वयंपाकघराला केव्हाच माहीत आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. घरातल्या चौघांचा भात असो की लग्नातल्या चारशे पानांचा, शिजला की नाही हे पाहायला आचारी चार शिते दाबून बघतो. पातेले शंभरपट मोठे आहे म्हणून शंभरपट शिते चेपत बसत नाही. रुग्णालयातही तसेच. पन्नास किलोच्या बाईचे हिमोग्लोबिन तपासायला जेवढी जांभळ्या झाकणाची नळी लागते, तेवढीच शंभर किलोच्या पुरुषाला लागते. सुमारे पाच लिटर रक्तातले दोन मिलिलिटर पुरतात, कारण हृदय ते रक्त सतत ढवळत असते.

समाजाला असे हृदय नाही. तो ढवळलेला नसतो. श्रीमंत एकीकडे, गरीब एकीकडे, लस घेणारे एका गल्लीत आणि न घेणारे दुसऱ्या. म्हणून ढवळण्याचे काम नमुना निवडणाऱ्याला करावे लागते, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळाली, की मग संख्येचा प्रश्न बराच सोपा होतो.

त्याचे गणित असे. एखाद्या लोकसंख्येत किती टक्के लोकांना रक्तदाब आहे हे काढायचे आहे. सगळ्यांनाच असेल किंवा कोणालाच नसेल, तर एक माणूस तपासून भागेल. लोकांत जितकी विविधता, तितके जास्त लोक लागतात, आणि ही विविधता सर्वाधिक असते ती निम्म्यांना आजार आणि निम्म्यांना नाही अशा स्थितीत. दुसरी गोष्ट, उत्तर किती नेमके हवे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात हे सूत्र ‘चार पीक्यू भागिले एलचा वर्ग’ असे येते. पी म्हणजे आजार असणाऱ्यांचे अंदाजे टक्के, क्यू म्हणजे उरलेले टक्के आणि एल म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे झालेले चालेल ती मर्यादा. पी पन्नास, क्यू पन्नास आणि एल पाच धरला तर उत्तर ४००. त्यातला ‘चार’ हा १.९६ या संख्येच्या वर्गाचा पूर्णांक आहे. पूर्णांक न करता काढले तर ३८४.१६. या १.९६ चा अर्थ असा, की तेच सर्वेक्षण शंभर वेळा केले तर साधारण ९५ वेळा खरा आकडा आपण सांगितलेल्या पट्ट्यात सापडेल.

या सूत्रात लोकसंख्या कुठेच नाही. सांगलीसाठीही ३८४ आणि अख्ख्या भारतासाठीही ३८४. गाव अगदीच लहान, पाचशे वस्तीचे असेल, तर मात्र थोडी सूट मिळते आणि सुमारे २१७ जणांत भागते. नेमकेपणाची किंमत मात्र चढ्या भावाने मोजावी लागते. पाचऐवजी अडीच टक्क्यांची मर्यादा हवी असेल तर नमुना दुप्पट करून चालत नाही, चौपट करावा लागतो, म्हणजे सुमारे १,५३७. एका टक्क्यापर्यंत नेमके हवे असेल तर ९,६०४. सर्वेक्षणाचा खर्च मंजूर करणाऱ्या प्रत्येक टेबलावर हा वर्गाचा नियम लिहून ठेवायला हवा, कारण ‘आणखी थोडे नेमके करा’ ही सूचना तोंडाने देणे फार सोपे असते.

इथवर सगळे ठीक. बिघाड सुरू होतो तो हे सूत्र प्रश्नापासून तुटून मंत्रासारखे म्हटले जाऊ लागते तेव्हा.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे आराखडे एथिक्स कमिटीपुढे येतात. त्यांत ‘नमुन्याचा आकार’ या मथळ्याखाली ३८४ किंवा ४०० हा आकडा इतक्या वेळा दिसतो, की प्रश्न कोणताही असो, उत्तर एकच असावे असे वाटू लागते. मधुमेहींच्या पायांच्या जखमा, शाळकरी मुलांचे दात, परिचारिकांची झोप, सगळीकडे ३८४. याचा व्यस्त प्रकारही तितकाच प्रचलित आहे : अठरा महिन्यांत ओपीडीत किती रुग्ण मिळतील ते आधी पाहायचे, ती संख्या ठरवायची आणि मग ती सूत्रातून बाहेर पडेल असे पी आणि एल शोधत बसायचे.

हे किती सहज जमते, याचे एक उदाहरण पुरे. समजा, रक्तदाबाचे प्रमाण तीस टक्के असावे असा अंदाज आहे. एल हा सरळ पाच टक्के धरला, म्हणजे उत्तर २५ ते ३५ च्या दरम्यान, तर ३३६ लोक लागतात. तोच एल ‘तिसाच्या दहा टक्के’ म्हणजे तीन असा धरला तर ९३३ लागतात. आणि ‘तिसाच्या वीस टक्के’ म्हणजे सहा धरला तर २३३. आजार तोच, गाव तेच, सूत्रही तेच, आणि उत्तरे तीन. सोयीचे ते निवडा. आता प्रमाण मुळातच जास्त असलेली एखादी गोष्ट घ्या, ऐंशी टक्के लोकांत आढळणारी. ‘ऐंशीच्या वीस टक्के’ म्हणजे एल सोळा. सूत्र सांगते, २५ माणसे पुरेत! पंचवीस जणांत प्रबंध तयार, फक्त त्याचे उत्तर ६४ ते ९६ टक्के यांपैकी काहीही असू शकते. असे उत्तर विद्यार्थ्याला आराखडा लिहायच्या आधीही माहीत होते.

उलट टोकाला दुर्मीळ आजार. प्रमाण दोन टक्के असेल आणि सवयीने एल पाच धरला, तर सूत्र ३२ लोक मागते. बत्तीस लोकांत दोन टक्क्यांचा आजार असलेला एक माणूस सापडणेही नशिबाचा भाग. ‘दोन टक्के, पाच टक्के इकडे-तिकडे’ याचा अर्थ उणे तीन ते सात टक्के असा होतो, आणि उणे तीन टक्के रुग्ण कोणत्याही वॉर्डात भरती झाल्याचे ऐकिवात नाही. सूत्र तक्रार करत नाही. भागाकार करून मोकळे होते.

दुर्मीळ आजार खरोखर मोजायचा तर काय लागते, हे २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसते. पंधरा वर्षांवरील तीन लाखांहून अधिक लोक त्यात तपासले गेले. लक्षणे विचारली, छातीचे एक्स-रे काढले, गरज पडली तिथे थुंकी तपासली. उत्तर आले : दर लाखात ३१६ जणांना जंतू सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय. आणि त्याचा पट्टा २९० ते ३४२. तीन लाख लोक तपासूनही उत्तर लाखामागे पंचवीस-सव्वीसने इकडे-तिकडे होतेच. हा पट्टा सर्वेक्षणाचा कमकुवतपणा नाही, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. दुर्दैवाने बातमीत, सादरीकरणात आणि आढावा बैठकीत आकडा शिल्लक राहतो आणि पट्टा गळून पडतो.

डॉक्टरांच्या रोजच्या कामात तर यापेक्षाही सोपा एक नियम उपयोगी पडतो आणि तो फारसा शिकवला जात नाही. ‘हे औषध शंभर रुग्णांना दिले, एकालाही त्रास झाला नाही’ असे औषध कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. शून्य म्हणजे शून्यच, असे ऐकणाऱ्याला वाटते. पण तीनला रुग्णांच्या संख्येने भागावे : तीन भागिले शंभर, म्हणजे तीन टक्के. खरा धोका शंभरात तीन इतका असला तरीही शंभर रुग्णांत एकही त्रास न दिसणे शक्य आहे. तीनशे रुग्णांत काही दिसले नाही तर धोका शंभरात एकाहून जास्त नसावा, इतकेच म्हणता येते. शून्यालाही पट्टा असतो.

मोठ्या सर्वेक्षणांत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून ३८४ घरे निवडली, तर ती ३०० गावांत विखुरतील आणि जीपचे डिझेल संपेल. म्हणून आधी गावे निवडतात, मग त्या गावांत काही घरे. व्यवहारात हे योग्यच. पण एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. एका वाडीतल्या पहिल्या तीन मुलांना लस मिळाली असेल तर चौथ्यालाही मिळाली असण्याची शक्यता जास्त, कारण नर्सबाई त्या वाडीत येतात. चौथ्या मुलाने नवीन माहिती फारशी दिली नाही. म्हणून अशा गुच्छ पद्धतीत नमुना दीडपट, दुप्पट करावा लागतो. आराखड्यांत नेमकी हीच ओळ सर्वाधिक वेळा गाळली जाते.

लसीकरणाचे उदाहरण आले आहे तर तिथेच जरा थांबायला हवे, कारण इथे आकड्याची चूक थेट मुलांच्या अंगावर पुरळ होऊन उठते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लसीकरणाचे प्रमाण मोजायला तीस गावे आणि प्रत्येकी सात मुले, म्हणजे एकूण २१०, अशी सुटसुटीत पद्धत रूढ केली. ती जगभर वापरली गेली आणि तिने मोठे काम केले. पण ती पद्धत मुळातच दहा टक्के इकडे-तिकडे चालेल असे धरून बेतलेली होती. लसीकरण चाळीस टक्के आहे की साठ, हा तेव्हाचा प्रश्न होता आणि त्याला ती पुरेशी होती.

आजचा प्रश्न वेगळा आहे. गोवर हा माहीत असलेल्या सर्वात संसर्गजन्य आजारांपैकी एक. तो थोपवायला सुमारे ९५ टक्के मुलांना लसीचे दोन डोस मिळालेले असावे लागतात. एखाद्या जिल्ह्यात अशाच २१० मुलांच्या पाहणीत ९२ टक्के आले असे समजा. गुच्छाचा परिणाम धरला तर खरा आकडा साधारण ८७ ते ९७ यांत कुठेही असू शकतो. सत्त्याण्णव असेल तर जिल्हा सुरक्षित, सत्त्याऐंशी असेल तर साथीची तयारी करावी. म्हणजे ज्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आरोग्यसेविका तीस गावे फिरल्या, तो प्रश्न सर्वेक्षणानंतरही जागच्या जागी. आणि बैठकीत पाटीवर लिहिले जाते : ९२ टक्के, समाधानकारक. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवरची साथ आली तेव्हा पुन्हा एकदा दिसले, की संपूर्ण शहराची सरासरी काहीही असो, गोवर सरासरीत शिरत नाही. तो लस न मिळालेल्या गल्लीत शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे ती जुनी पद्धत मागे ठेवून नवे, काटेकोर मार्गदर्शन दिले आहे.

याचा अर्थ प्रत्येक वेळी हजारो मुले तपासावीत असा नाही. पोलिओच्या मोहिमेनंतर जी पडताळणी केली जाते, तिच्यात एका विभागात सहा ठिकाणी दहा-दहा, अशी फक्त साठ मुले पाहतात. बोटावरची शाई बघतात. डोस चुकलेली मुले तीनपर्यंत निघाली तर मोहीम नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचली असे मानून पुढे जातात. जास्त निघाली तर कमतरता राहिली असे धरतात. ही कल्पना मुळात कारखान्यांतली, खोक्यातले थोडे सुटे भाग तपासून खोके स्वीकारायचे की परत करायचे हे ठरवण्याची. साठ मुलांवरून नेमके किती टक्के, हे सांगता येत नाही, पण ते कोणी विचारलेलेही नसते. मोहीम पुन्हा राबवायची की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि त्याला साठ पुरतात. प्रश्न नीट विचारला की नमुना लहान होतो. आपल्याकडे याच्या उलटे चालते : प्रश्न धूसर आणि नमुना सूत्रातून आलेला.

संख्येबद्दल इतके बोलून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. संख्या ही या साऱ्यातली सोपी बाजू आहे. या विषयातला जगातला एक मोठा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्याचे काम करू लागले. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पिकांची मोठी नमुना पाहणी करत होते. शेतात लहानशी जागा आखायची, तेवढ्यातले पीक कापायचे, वजन करायचे. अशा असंख्य लहान जागा, ही महालनोबिसांची रीत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की दोन-तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण साधे होते. कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. वर्तुळ जितके लहान, तितकी त्याच्या मानाने कड जास्त आणि चूकही जास्त. अशी हजार वर्तुळे कापली तरी ती चूक कमी होत नाही. उलट ती अधिक ठाम आवाजात सांगितली जाते.

आरोग्याच्या सर्वेक्षणांतही अशी कडेवरची रोपे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातली सहा लाखांहून अधिक घरे आणि सात लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ होते. नमुना इतका मोठा की योगायोगाला फारशी जागा नाही. पण हे हिमोग्लोबिन बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर मोजले होते. बोट दाबले की थेंबात ऊतींतला द्रव मिसळतो आणि आकडा बदलतो. २०१६ ते २०१८ मधल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के निघाला. साधारण त्याच काळातल्या कुटुंब सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो ५९ टक्के होता. वयोगटातल्या फरकाने यातला थोडाच भाग समजावता येतो. लोहाच्या गोळ्या किती मागवायच्या, हे या अठरा टक्क्यांच्या दरीवर ठरणार आहे, आणि आणखी दहा लाख बोटे टोचून ती दरी बुजणार नाही.

करोनाच्या सुरुवातीला, मे-जून २०२० मध्ये, आयसीएमआरने ७० जिल्ह्यांत २८,००० प्रौढांचे रक्त तपासले, उत्तर ०.७३ टक्के आणि पट्टा ०.३४ ते १.१३. तिथे एक वेगळीच अडचण होती. समजा, एखादी चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी दोघांना चुकून ‘होऊन गेला’ म्हणते. बऱ्याच चांगल्या चाचण्या एवढ्या चुकतात. मग एकालाही संसर्ग झाला नसता तरी २८,००० जणांत ५६० जण होकारार्थी आले असते, म्हणजे शोधायच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच तिथे होकारार्थी नमुने दुसऱ्या चाचणीने पडताळावे लागले. आणि प्रत्येक जिल्ह्यात ४०० नमुने होते म्हणून ‘आमच्या जिल्ह्यात किती’ असे विचारणाऱ्यांना खरे उत्तर हेच होते, की ४०० जणांत तीन-चार होकारार्थी निघाले तर त्यावरून जिल्ह्याबद्दल काही ठरवू नये. देशाच्या प्रश्नासाठी बेतलेला नमुना जिल्ह्याचे उत्तर देत नाही. तरीही प्रत्येक मोठ्या सर्वेक्षणानंतर जिल्ह्यांची क्रमवारी लागते आणि अर्ध्या टक्क्याने मागे पडलेल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागतो.

या अधिकाऱ्यांना खुलासे मागण्याआधी आरोग्य खात्याने एक छोटा बदल केला तरी पुष्कळ होईल : कोणताही टक्का पट्ट्याशिवाय आणि ‘हे कोणाबद्दल’ या शब्दांशिवाय कागदावर येऊ देऊ नये. एथिक्स कमिट्यांनी ३८४ बरोबर आहे का हे तपासण्यात वेळ न घालवता, हे उत्तर मिळाले तर रुग्णाच्या बाबतीत काय वेगळे करणार, हे विद्यार्थ्याला विचारावे. उत्तर नसेल तर त्या ३८४ जणांच्या शिरेत सुई टोचायला परवानगी देऊ नये. वर्तमानपत्रांनीही ‘निम्मे पुणे’ लिहिण्याआधी ते कोणते निम्मे, हे पाहिले तर पुढच्या साथीत बरे पडेल.

आणि बंद दाराचे काय करायचे, हे सर्वेक्षण सुरू होण्याआधी ठरवावे. मुंबईच्या त्या पाहणीत ८,८७० नमुने घ्यायचे ठरले होते, मिळाले ६,९३६. न मिळालेले लोक मिळालेल्यांसारखेच होते, असे धरायला काही आधार नसतो. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात लसीकरण पाहणीचे पथक गेले, तर कितीतरी दारांना कुलपे असतात. कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला गेलेली असतात. पथक शेजारच्या उघड्या घरात जाते, कारण संख्या भरायची असते. यादी पूर्ण होते, २१० मुले मिळतात. लस हुकलेली मुले त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात कुठल्या तरी साखर कारखान्याच्या हद्दीत, कोप्यांमध्ये असतात, आणि तिथे पाहणी करायला कोणी गेलेले नसते.